कुणाच्या घड्याळात तीन वाजले?

जबलपूरच्या गोलबाजारापासून बड्या फुहाऱ्यापर्यंत कुठल्याही दुकानात शिरा. गल्ल्यामागे छोटा पडदा असतो, त्यावर चार-आठ कॅमेऱ्यांची चित्रं आणि कोपऱ्यात पांढऱ्या आकड्यांत तारीख आणि वेळ. ही वेळ बरोबर आहे का, असं मालकाला विचारा. कॅमेरे बसवले त्या दिवसानंतर त्या कोपऱ्याकडे त्याने पाहिलेलंच नसतं. चित्र स्वच्छ दिसतं ना, मग झालं. नाही झालं! चोर कोण होता हे चित्र सांगेल, पण तो केव्हा आला हे ते आकडेच सांगणार. आणि 'केव्हा' चुकलं की बाकीचं सगळं प्रकरण डळमळतं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. माझ्या धंद्यात सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत जास्त घोळ घालणारी गोष्ट कोणती, असं कुणी विचारलं तर मी व्हायरस म्हणणार नाही, हॅकर म्हणणार नाही. घड्याळ म्हणेन. एका यंत्राचं घड्याळ चुकलं तर फार बिघडत नाही. दोन यंत्रं एकमेकांशी बोलू लागली आणि त्यांच्या घड्याळांचं पटत नसलं, की हिशेब चुकतो, कुलूप उघडत नाही, नवी नोंद जुनी ठरते.

जबलपूरला तरी हे शिकवावं लागू नये. १८६७ साली ईस्ट इंडियन रेल्वेचा फाटा अलाहाबादहून इथे पोचला. मुंबईकडून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे इटारसीमार्गे येत होती, ती मार्च १८७० मध्ये इथेच त्याला येऊन मिळाली. समारंभाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हजर होते. मुंबई आणि कलकत्ता रुळांनी सांधले गेले ते या गावात. रूळ जुळले, कारण दोन्ही कंपन्यांनी पाच फूट सहा इंचांचं एकच माप धरलं होतं. घड्याळांचं तसं नव्हतं. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटं पुढे. एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला तासाभराहून जास्त अंतर, आणि मधे एक सलग लोहमार्ग.

रेल्वेने तोडगा काढला तो मद्रास वेळेचा. मद्रासच्या वेधशाळेत ताऱ्यांवरून वेळ ठरायची, ती तारायंत्राने देशभर जायची, आणि स्टेशनांवरची घड्याळं तिच्याशी जुळायची. मद्रास वेळ ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटं पुढे, म्हणजे मुंबई आणि कलकत्ता दोघांनाही थोडीथोडी गैरसोयीची. आपलं गाव जवळजवळ मद्रासच्याच रेखांशावर असल्यामुळे रेल्वेचं घड्याळ आणि जबलपूरचा सूर्य यांच्यात दीड मिनिटाचाही फरक नव्हता. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली. तरीही कलकत्त्याने १९४८ पर्यंत आणि मुंबईने १९५५ पर्यंत आपापली वेळ सोडली नाही. रेल्वेला असा हट्ट परवडणारा नव्हता. एकेरी मार्गावर समोरासमोरून दोन गाड्या येतात तिथे दोन घड्याळं म्हणजे अपघात.

आज ते दोन टोकांचं अंतर एका दुकानात आलं आहे. बिलिंगचा संगणक, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, राउटर, कार्ड स्वाइप करायचं यंत्र, हजेरीचं बोटाचा ठसा घेणारं यंत्र, मालकाचा मोबाइल. प्रत्येकाच्या पोटात स्वतंत्र घड्याळ आहे. त्यांतला मोबाइल आणि स्वाइपचं यंत्र नेटवर्कवरून वेळ घेतात म्हणून सहसा बरोबर असतात. बाकीच्यांना कुणी विचारत नाही.

या घड्याळांचं मूळ म्हणजे क्वार्ट्झचा इवलासा स्फटिक, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा. दोनाचा पंधरावा घात म्हणजे हीच संख्या, म्हणून पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक ठोका मिळतो. बांधणी सुंदर आहे, पण स्वस्त स्फटिकात दहा लाखांत वीस भागांची चूक सहज असते. म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. त्यात उष्णता. हे स्फटिक २५ अंशांच्या आसपास नीट चालतात. त्याहून तापले किंवा गारठले तर मंदावतात. ४५ अंशांना दिवसाला आणखी सव्वा सेकंद मागे. आपल्याकडच्या मे महिन्यात, पत्र्याच्या माळ्यावर, धूळ भरलेल्या पेटीत काय होत असेल ते पाहा. दिवसाला दोनच सेकंद धरले तरी वर्षाला बारा मिनिटं होतात. बारा मिनिटांत माणूस सदरहून गावातल्याच गोरखपूरला पोचतो.

पण खरं सांगायचं तर स्फटिकाची चूक ही सर्वांत निरुपद्रवी. यंत्राचं घड्याळ किती चुकलं आहे ते पाहिलं की ती चूक कुठून आली ते बहुधा कळतं, आणि हे प्रत्येक दुकानदाराला, प्रत्येक शाळेच्या कार्यालयाला माहीत असायला हवं. डीव्हीआर बरोबर अडीच तास पुढे असेल तर त्याचा टाइम झोन बीजिंगचा आहे. अनेक पेट्या कारखान्यातून तशाच निघतात आणि बसवणारा मेनूत शिरून भारत निवडत नाही. यंत्र बरोबर साडेपाच तास मागे असेल तर ते जागतिक वेळेवर, यूटीसीवर चाललं आहे. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांना हे साडेपाच तास चांगले परिचयाचे असतात: मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स यूटीसी लिहितं, आणि एकातून दुसऱ्यात गेलं की वेळ उडी मारते. तारीख १ जानेवारी २००० किंवा १९७० दिसत असेल तर आतला बटण सेल मेला आहे. लाइट गेली, पेटी बंद पडली, आणि परत आली ती आठवण पुसून. आणि फरक सात मिनिटं, एकोणीस मिनिटं असा वेडावाकडा असेल, तर दोष बहुधा स्फटिकाचा, किंवा कुणीतरी मनगटावरच्या घड्याळाकडे बघून हाताने वेळ लावली आणि विसरून गेला.

बटण सेलची किंमत एका प्लेट पोह्यांइतकी. तो बदलायला कुणी आळस करावा, हे मला पटत नाही.

आता बिलिंग. दोन काउंटर आहेत, दोन संगणक, एकच माल. एका काउंटरवर मालाचा भाव दुरुस्त केला, दुसऱ्यावर त्याआधी कुणी तो वेगळा भरलेला. रात्री दोघांच्या नोंदी एकत्र होतात तेव्हा अनेक साधी सॉफ्टवेअरं एकच नियम लावतात: जी नोंद नंतरची, ती खरी. नंतरची कुठली? जिच्यावर पुढची वेळ छापलेली. पहिल्या काउंटरचं घड्याळ दहा मिनिटं मागे असेल तर ताजी दुरुस्ती जुनी ठरते आणि चुकीचा भाव परत येऊन बसतो. कुणीही काही चुकीचं दाबलेलं नसतं. सगळे एकमेकांवर संशय घेतात, काउंटरवरच्या पोराला बोलणी बसतात. दोष घड्याळाचा.

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली याच प्रश्नावर एक निबंध लिहिला आणि आमच्या शास्त्राला दिशा दिली. त्यांचं म्हणणं असं, की वेगवेगळ्या यंत्रांवरच्या घटनांत आधी काय आणि नंतर काय हे प्रत्येक वेळी भिंतीवरच्या घड्याळाने ठरवू नका. निरोप पाठवणं हे तो मिळण्याच्या आधीच घडतं, एवढं निश्चित आहे. त्या धाग्यावर क्रमांक लावत जा. बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माझ्या भाऊबंदांना कळकळीचं सांगणं आहे: भाव आणि शिल्लक यांसारख्या गोष्टी वेळेच्या शिक्क्यावर सोडू नका, प्रत्येक बदलाला सर्व्हरकडून क्रमांक द्या. आणि एखाद्या कामाला किती सेकंद लागले हे मोजताना दिवसाचं घड्याळ वापरू नका. ते मधेच मागेपुढे सरकतं. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फक्त पुढेच जाणारं दुसरं घड्याळ असतं, ते त्यासाठीच आहे.

दुसरी खोड साडेपाच तासांची. सर्व्हर यूटीसीत नोंदी ठेवतात, आणि तसंच ठेवावं. पण अहवाल काढताना तारीख भारतीय करायला विसरलं, तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचा प्रत्येक व्यवहार आदल्या दिवशी जाऊन पडतो. १ एप्रिलच्या रात्री दोन वाजता स्टेशनजवळच्या औषधदुकानात फाडलेलं बिल यूटीसीत ३१ मार्चच्या रात्री साडेआठचं असतं. एका औषधाच्या पाकिटाने आर्थिक वर्ष ओलांडलं! सीए बिचारा फरक शोधत बसतो. रात्रभर चालणारं दुकान, हॉस्पिटल, लॉज, ढाबा, सगळ्यांनी आपल्या सॉफ्टवेअरवाल्याला एकच प्रश्न विचारावा: तुमचा दिवस किती वाजता बदलतो?

तत्काळ तिकिटाचंही थोडक्यात सांगतो, कारण पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय आपल्याच गावात आहे आणि हा राग घरोघरी आहे. वातानुकूलित वर्गाचं तत्काळ सकाळी दहाला उघडतं, साध्या वर्गाचं अकराला. मोजलं जातं ते रेल्वेच्या सर्व्हरचं घड्याळ. तुमचा लॅपटॉप वीस सेकंद मागे असेल तर तुमच्या दहाला तिथे वीस सेकंद उलटून गेलेली असतात. घड्याळ लावून तिकीट मिळेलच असं नाही, पण ती वीस सेकंदं तरी हातातून जाऊ नयेत.

कुलपाचंही तेच. ब्राउझरमधलं सुरक्षिततेचं प्रमाणपत्र ठरावीक तारखांमध्येच वैध असतं. संगणकाची तारीख मागे गेली की प्रत्येक वेबसाइट धोकादायक दिसू लागते. मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये दुरुस्तीला आलेल्या अशा संगणकाला फॉरमॅट मारून देणारे मेकॅनिक आहेत. घरातले फोटो गेले, चूक होती तारखेची. मोबाइलमधलं ऑथेंटिकेटर अॅप दर तीस सेकंदांनी नवा आकडा देतं, तोही घड्याळावरून काढलेला असतो. आकडा चालत नाही म्हणून पासवर्ड बदलत बसण्याआधी वेळ तपासा. एसएमएसने येणाऱ्या ओटीपीचा मात्र तुमच्या घड्याळाशी संबंध नाही. तो उशिरा येतो तो वेगळ्या कारणांनी.

या सगळ्यावरचा उपाय चार दशकं जुना आणि फुकट आहे. पुढे डेलावेअर विद्यापीठात शिकवणारे डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली एनटीपी नावाची पद्धत कागदावर आणली. तुमचं यंत्र निरोप पाठवताना वेळ टिपतं. सर्व्हर तो मिळाल्याची आणि उत्तर निघाल्याची वेळ टिपतो. उत्तर परत आलं की तुमचं यंत्र चौथी वेळ टिपतं. या चार आकड्यांतून प्रवासाला किती वेळ लागला आणि आपलं घड्याळ किती चुकलं, दोन्ही निघतं. गृहीत एकच, की जायचा आणि यायचा रस्ता सारखाच वेळ खातो. तो सारखा नसेल तर फरकाच्या निम्मी चूक राहते. जबलपूरहून दिल्लीला विचारलं तर ती सहसा काही हजारांश सेकंदांची असते. दुकानाला, शाळेला, पतपेढीला एवढं पुरून उरतं. मिल्स जानेवारी २०२४ मध्ये गेले. त्यांनी आखलेल्या पद्धतीवर जगभरचे व्यवहार चालतात आणि बहुतेकांना त्यांचं नाव माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

एक गाठ मात्र लक्षात ठेवा. एनटीपीचा मूळचा प्रोग्रॅम १००० सेकंदांहून जास्त चूक दिसली की वेळ दुरुस्त करत नाही, सरळ बंद पडतो. साधारण सतरा मिनिटं. इतकी मोठी चूक म्हणजे काहीतरी भलतंच, माणसाने पाहावं, अशी त्यामागची भूमिका आहे आणि ती योग्य आहे. पण बटण सेल मेलेला सर्व्हर लाइट गेल्यावर २००० सालात जागा होतो, तेव्हा नेमकी गरज असतानाच हा प्रोग्रॅम हात वर करतो. म्हणून सुरू होताना एकदा मोठी उडी मारायची परवानगी त्याला आधीच देऊन ठेवावी लागते. ही एक ओळ न लिहिल्याने सोमवारची सकाळ गमावणारी कार्यालयं असतात.

आता ज्या कारणासाठी हा विषय आज घेतला, त्याकडे येतो. महाराष्ट्राची २०१४ ची विधानसभा निवडणूक, जालना मतदारसंघ. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल हरले आणि उच्च न्यायालयात गेले. उमेदवारी अर्ज भरायची मुदत २७ सप्टेंबर २०१४, दुपारी तीन. खोतकरांचे अर्ज तीननंतर दिले गेले, असा आक्षेप होता. पुरावा काय? निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण. औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली, आणि १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळलं. तोवर ती विधानसभाच संपलेली होती. वकील हा निकाल सांगतात तो इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र अनिवार्य केल्याबद्दल. मी तो वाचतो तो त्या तीन वाजण्यासाठी. एक आमदारकी तीन वाजले होते की नव्हते यावर टांगलेली, आणि साक्षीला कॅमेरा.

१ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा, भारतीय साक्ष्य अधिनियम, लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं: एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचं, दुसरं तज्ज्ञाचं, आणि त्यात फाइलचा हॅश नमूद करायचा. हॅश म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक अंशावरून काढलेला आकडा. एक ठिपका बदलला तरी तो बदलतो. उत्तम तरतूद आहे. पण हॅश एवढंच सांगतो की प्रत काढल्यापासून फाइलला कुणी हात लावलेला नाही. कोपऱ्यातली वेळ मुळातच चुकीची असेल तर ती चूकही तो तितक्याच इमानाने जपतो. मग मोबाइल टॉवरची नोंद म्हणते आरोपी नऊ वाजता रांझीला होता, आणि दुकानाचा कॅमेरा म्हणतो नऊ वाजता राइट टाउनमध्ये. बचावाच्या वकिलाला आणखी काय हवं? निरपराध माणूस यात अडकू शकतो, हे तर त्याहून वाईट. आपल्या गावात उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ आहे, १९५६ पर्यंत नागपूरचं असलेलं न्यायालय त्या साली इथे आलं. इथल्या वकिलांनी तरी उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच विचारावा: डीव्हीआरचं घड्याळ शेवटचं कुणी, कशाशी जुळवलं?

सरकारने काही केलं नाही असं म्हणता येणार नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांना सांगितलं, की सर्व यंत्रांची घड्याळं एनआयसीच्या किंवा नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या एनटीपी सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जुळवा. नोंदी १८० दिवस ठेवा. दिल्लीची ही प्रयोगशाळा अणुघड्याळांवर देशाची प्रमाणवेळ राखते. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय प्रमाणवेळेच्या सक्तीच्या वापरासाठी नियमांचा मसुदाही प्रसिद्ध झाला. पण नियम मोठ्यांसाठी लिहिले जातात आणि पोलिस फुटेज मागायला येतात ते कोपऱ्यावरच्या दुकानात. माझा रोख कॅमेरे बसवणाऱ्यांवर आहे. तारा लपवता, कोन साधता, मोबाइलवर चित्र दाखवून पैसे घेता; मेनूतली वेळेची ती दोन पानं भरून द्यायला दोन मिनिटं लागतात. ती भरली नसतील तर काम अपुरं आहे, आणि ग्राहकाने शेवटचा हप्ता अडवावा.

दुकानदारांनी आज करायचं ते असं. टाइम झोन भारताचा, साडेपाच तासांचा, निवडा. एनटीपी चालू करा आणि सर्व्हरच्या रकान्यात टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी भरा. पेटी इंटरनेटला जोडलेली आहे की नाही ते पाहा. ब्रॉडबँडवाला राउटर बदलून जातो तेव्हा डीव्हीआरचा रस्ता तुटतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. मग एकदा पेटी बंद करून परत चालू करा आणि वेळ टिकली का ते बघा. नाही टिकली तर सेल बदला. आणि एखादी घटना आधीच नोंदली गेली असेल, पोलिस यायचे असतील, आणि तेव्हा कळलं की वेळ चुकलेली आहे, तर घाईने दुरुस्त करू नका. मोबाइल पडद्याशेजारी धरा, दोन्ही घड्याळं सेकंदांसकट एका फोटोत घ्या, फरक आणि तारीख कागदावर लिहून सही करा. मग फुटेजची प्रत काढून द्या, त्या कागदासह. वेळ त्यानंतर लावा.